पटकथेची कायदेशीर तपासणी: कामाची, पण जरा घाबरट

खऱ्या माणसाच्या आयुष्यावर पटकथा लिहिली आणि ती एका ऑनलाइन सेवेकडे वकिलाच्या नजरेखालून घालायला पाठवली. ९४ पानं. बारा दिवसांनी परत आली ती समासभर लाल शेरे घेऊन.

शेरे मात्र कामाचे. कुठला प्रसंग कागदपत्रांतून आला, कुठला मुलाखतीतून आणि कुठला माझ्या डोक्यातून, हे दृश्यागणिक लिहून काढायला लावलं. जीव मेटाकुटीला आला! पण तेव्हाच लक्षात आलं, नायकाच्या बायकोचं भांडण मी अख्खं रचलंय आणि तिला दृश्य तेवढं एकच दिलंय.

वकीलबाईंनी फोनवर हॉलिवूडच्या जुन्या अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड यांचा दावा छान उलगडून सांगितला. मालिकेतल्या आपल्या चित्रणावरून त्यांनी एफएक्स या अमेरिकी टीव्ही वाहिनीला कोर्टात खेचलं होतं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निकाल वाहिनीच्या बाजूने दिला: असं चित्रण करायला त्या व्यक्तीची परवानगी लागत नाही, मोबदलाही नाही. बाई तेव्हा १०१ वर्षांच्या होत्या. देश बदलला की कायदा बदलतो, हेही वकीलबाईंनी बजावलं.

खटकलं एवढंच, की अडचण दिसली की यांचा ठरलेला शेरा: 'नाव बदला.' अहो, धंदा, घराणं, अपघात सगळं तेच ठेवून नुसतं नाव बदललं तर ओळखणार नाही कोण? तो सल्ला मी बाजूला ठेवला. बायकोचं दृश्य मात्र फाडून नव्याने लिहितोय, आणि आधी तिला भेटायला जाणार आहे.