22 महिने, 31,000 किलोमीटर: ब्रेक पॅडच्या दिव्यावर मी किती विसंबावं?

रविवारी कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाटात पुढच्या उजव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. डॅशबोर्ड बघितला, तर एकही दिवा नाही. दुसऱ्या गियरमध्ये, ब्रेकवर कमीत कमी पाय ठेवत पोफळीपर्यंत उतरले आणि गाडी बाजूला घेतली. चाकाजवळ वाकले तर जळका वास, आणि डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, बोटाने जाणवतील अशा गोल खाचा. अर्थात बोट लावलं ते ती निवल्यावर, टोइंगची गाडी यायच्या आधी.

गाडी सेकंडहँड जर्मन सेडान. इंजिन, सीट, मायलेज यांवर पुष्कळ लिहून झालंय, म्हणून मी फक्त ब्रेकबद्दल लिहिते. बाबा कराडला एकटे असतात. दर शनिवारी घाट चढायचा, रविवारी उतरायचा. माझ्यासाठी या गाडीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू ब्रेकच आहेत.

पॅडचा दिवा पहिल्यांदा लागला तेराव्या महिन्यात. पिवळा, मधे गोल आणि दोन्ही बाजूंना तुटक कंस. सर्व्हिस सेंटरने पुढचे पॅड, दोन्ही डिस्क आणि सेन्सर मिळून 38,000 चं एस्टिमेट हातात ठेवलं. डिस्कची जाडी मोजली का, असं विचारलं तर "मॅडम, पॅडबरोबर डिस्क बदलतातच" एवढंच उत्तर. डिस्क किती झिजेपर्यंत चालते तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. आमच्या गॅरेजवाल्या दादांनी तो दाखवला, मोजून दाखवलं, डिस्क भरपूर बाकी होती. पॅड आणि सेन्सर एवढंच बदललं, 9,400 रुपयांत.

सेन्सर म्हणजे पॅडमध्ये रुतवलेली एक वायर. पॅड ठरावीक जाडीपर्यंत झिजला की वायर डिस्कला घासून तुटते, सर्किट तुटतं आणि दिवा लागतो. तुटलेली वायर पुन्हा वापरता येत नाही, पॅडबरोबर नवीच घ्यावी लागते. याचा मला तेव्हा फार राग आला होता. सेन्सर ही गिऱ्हाइकाकडून पैसे काढायची सोय आहे, असं मी दोघा-तिघांना ठासून सांगितलंही होतं.

ते माझं चुकलं. दिवा लागला तेव्हा पॅडवर 3 मिलिमीटर माल शिल्लक होता. दोन ठिकाणी भाव काढायला, डिस्क मोजून घ्यायला आणि नको तो खर्च टाळायला मला वेळ मिळाला तो त्या वायरमुळेच. तिच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे तिने वाचवले.

मग रविवारी ती गप्प का बसली? दादांनी चाक काढलं, कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उचलला आणि आतला पॅड माझ्या तळहातावर ठेवला. माल संपलेला, नुसती लोखंडी पाठ, कडेला निळसर झालेली. त्याच चाकाचा बाहेरचा पॅड मात्र सहा मिलिमीटर. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जॅम झाली होती. तिचं रबर फाटलेलं, आत पावसाळ्यातला चिखल. कॅलिपर सरकेना, म्हणून सगळा भार आतल्या पॅडवर. "ताई, सेन्सर डाव्या चाकाला आहे. उजव्याला वायरच नाही."

माझी सगळी तक्रार इथे येऊन थांबते. पुढे फक्त डावीकडे एक, मागे फक्त उजवीकडे एक. उरलेली दोन चाकं सारखीच झिजतील असं धरून चाललेली ही रचना. कोकणात चार महिने पाऊस, रस्त्यावर लाल चिखल, पिना जॅम होणं इथे नवीन नाही. एवढ्या महाग गाडीत आणखी दोन वायरी घालायला काय हरकत होती? घरच्या जुन्या छोट्या गाडीत सेन्सरच नाही. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या पॅडला पत्र्याची एक पट्टी आहे, पॅड संपत आला की ती डिस्कला घासून चीं करते. मागच्या वर्षी गल्लीच्या टोकाला असतानाच घरात ऐकू आली. ती पट्टी दोन्ही बाजूंना आहे, आणि मला तेवढंच हवं होतं.

एक गोष्ट आवर्जून सांगते. लाल उद्गारचिन्हाचा दिवा वेगळा, तो हँडब्रेकचा किंवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचा. पॅड झिजले की त्यांना ढकलणारे कॅलिपरचे पिस्टन आणखी बाहेर येतात आणि टाकीतलं ऑइल खाली जातं. उतारावर किंवा वळणावर हा दिवा लुकलुकला तर गळती तर बघाच, पण पॅडही बघा. नुसतं ऑइल भरून दिवा घालवू नका. तुमची सूचनाच पुसली जाते, आणि नवे पॅड बसवताना तेच ऑइल टाकीबाहेर येऊन रंग खातं.

चाकाच्या फटीतून टॉर्च मारून मी दर महिन्याला पॅड बघत होते. त्यातून फक्त बाहेरचा दिसतो, आणि तो सहा मिलिमीटरचा होता. आता पावसाळ्याच्या आधी आणि नंतर चारही चाकं काढून आतले पॅड बघायचे आणि पिना साफ करून ग्रीस लावायचं, असं दादांशी ठरवलंय. या वेळी डिस्कची जोडी घ्यावीच लागली. ती पुण्याहून यायची आहे, तोवर शनिवारी एसटीने कराडला.