सशाच्या गळूवर ‘बिनऑपरेशनचा’ इलाज: आमच्या फसवणुकीची हकिगत

सशाच्या जबड्याखाली येणारे गळू हा फसवणाऱ्याच्या अतिशय सोयीचा आजार आहे, असे मी आता जबाबदारीने म्हणू शकतो. चिरा देऊन पू काढला की गाठ बसल्यासारखी दिसते, घरचे निर्धास्त होतात, आणि काही आठवड्यांत तीच गाठ पुन्हा वर आली की ‘ही नवीन गाठ आहे’ असे सांगून नव्याने पैसे मागता येतात. डोंबिवलीत आमच्या बाबतीत नेमके हेच घडले.

आमच्या चिकू नावाच्या सशाच्या डाव्या जबड्याखाली टणक गाठ हाताला लागली, तेव्हा जवळच्या दवाखान्यात ‘आम्ही फक्त कुत्री-मांजरे पाहतो’ असे सांगण्यात आले. पाळीव प्राण्यांचे खाद्य विकणाऱ्या एका दुकानात मात्र एक कार्ड मिळाले. त्यावर नावाआधी ‘डॉ.’ होते, खाली ‘ससे व विदेशी प्राणी तज्ज्ञ’ अशी ओळ होती आणि पदवीचा किंवा नोंदणी क्रमांकाचा कुठेही पत्ता नव्हता. फोनवर विचारले असता, ‘नंबर सर्टिफिकेटवर आहे, येताना आणतो’ असे उत्तर आले. ते सर्टिफिकेट शेवटपर्यंत आले नाही. माझ्या पत्नीला तो म्हणाला, ‘वहिनी, ऑपरेशनच्या नादी लागू नका, ससा भुलीतच जातो. मी घरी येऊन गाठ मुळापासून काढून देतो, गॅरंटी माझी.’ भूल देताना सशाला कुत्र्या-मांजरापेक्षा अधिक धोका असतो हे खरे आहे, आणि या अर्धसत्यावरच त्याचा सगळा धंदा उभा होता. कारण काळजीपूर्वक भूल देऊन सशांच्या शस्त्रक्रिया जाणकार पशुवैद्य नेहमी करतात, हे तो सांगत नव्हता. साडेसहा हजार रुपये त्याने आगाऊ, यूपीआयवर घेतले.

आदल्या रात्रीपासून सशाला उपाशी ठेवा, अशीही त्याची सूचना होती. ही एवढी एक गोष्ट ऐकूनच समोरच्या माणसाला ससा ठाऊक नाही हे ओळखता येते, असे आता कळते: सशाला उलटी होऊच शकत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजराप्रमाणे रात्रभर उपाशी ठेवण्याचे कारण नसते, उलट पोटात चारा गेला नाही तर त्याचे आतडे मंदावते आणि त्यातूनच जीव धोक्यात येतो.

जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून, जागा बधिर न करता, त्याने गाठीवर चिरा दिला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. पू वाहिला नाही. नळीतून टूथपेस्ट यावी तसा पांढरा, घट्ट दोरा बाहेर आला. ‘बघा, सगळे निघाले,’ असे म्हणून त्याने पिवळे औषध लावले. तोंड उघडून दात पाहिले नाहीत, एक्स-रेचे नाव काढले नाही, वेदनाशामक दिले नाही.

प्रत्यक्षात ‘सगळे’ कधीच निघत नाही. पू पातळ करणारे जे द्रव्य कुत्र्या-मांजरांच्या पांढऱ्या पेशींत असते ते सशाच्या पेशींत जवळजवळ नसते, म्हणून पू घट्टच राहतो आणि शरीर त्याभोवती जाड पिशवी तयार करते. जंतू या पिशवीच्या भिंतीत टिकून राहतात आणि प्रतिजैविक तिथवर नीट पोहोचत नाही. पिशवी अख्खी काढावी लागते, आणि हाडात शिरल्यामुळे ते शक्य नसेल तर जखम उघडी ठेवून रोज साफ करावी लागते. शिवाय जबड्यावरच्या गळूचे मूळ बहुतेक वेळा दाढेत असते. सशाचे अठ्ठावीसही दात जन्मभर वाढतात. गवत कमी आणि पेलेट्स (दाबून बनवलेले दाणेदार खाद्य) जास्त अशा आहारात ते पुरेसे झिजत नाहीत, मुळे जबड्याच्या हाडात घुसतात आणि तिथे पू धरतो.

गाठ पुन्हा आली, तेव्हा ‘नवीन गाठ’ म्हणून आणखी चार हजार गेले. त्यानंतर त्याने ‘बाहेरून मागवलेले’ पातळ औषध दिले, बत्तीसशे रुपयांना, लेबल खरवडलेल्या बाटलीत. ते सुरू झाल्यावर चिकूच्या लेंड्या आधी बारीक झाल्या, मग पातळ, आणि एका सकाळी त्याने कोथिंबिरीलाही तोंड लावले नाही. ससे पाहणाऱ्या एका पशुवैद्य बाईंकडे त्याला तातडीने नेले, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘तोंडावाटे काय देताय?’ बाटली उजेडात धरल्यावर खरवडलेल्या कागदाच्या कडेला हिंदीतली ‘सिलिन’ एवढी अक्षरे उरलेली दिसली. लहान मुलांना देतात तेच अमॉक्सिसिलिनचे, म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातल्या प्रतिजैविकाचे, सिरप असावे, असे त्यांचे मत पडले. पेनिसिलिनच्या कुळातले औषध इंजेक्शनने सशाच्या गळूवर वापरले जाते. तेच तोंडावाटे दिले की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा दगावू शकतो. क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन ही प्रतिजैविकेही सशाच्या आतड्याला अशीच घातक ठरतात.

सलाइन, वेदनाशामक आणि सिरिंजने भरवणे यांवर चिकू सावरला. एक्स-रेमध्ये खालच्या दोन दाढांची मुळे हाडात उतरलेली दिसली. पुढे त्या दाढा आणि पिशवी काढण्यात आली, पिशवीच्या भिंतीचा तुकडा तपासणीला गेला (मधल्या पुवात बरेचदा जंतू सापडतच नाहीत), आणि जखम भरेपर्यंत ती धुण्याचे काम आमच्याकडे आले. खर्च त्या माणसाने घेतलेल्या रकमेहून जास्त झाला, पण प्रत्येक बाबीची पावती मिळाली.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच हा व्यवसाय करता येतो. पदविकाधारकांना किरकोळ सेवांची मुभा आहे, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. जबड्यावर चिरा देणे त्यात बसवण्याचा कोणी प्रयत्न केला तर तो ऐकून घेऊ नये. आम्ही राज्य पशुवैद्यक परिषदेकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. तक्रार मागे घेतल्यास निम्मे पैसे परत देतो, असा त्याचा निरोप आला होता. तो आम्ही तक्रारीलाच जोडला. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. कोणाकडून याच रीतीने पैसे घेतले गेले असतील, तर त्यांनी उरलेले औषध बाटलीसकट जपून ठेवावे, यूपीआयच्या नोंदी व संदेश यांच्या प्रती काढाव्यात, आणि नंतर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडून आधीच्या उपचाराबद्दलचे निरीक्षण सही-शिक्क्यासह लिहून घ्यावे.