अंबाल्याचा बायनॉक्युलर मायक्रोस्कोप: भिंगं उत्तम, स्टेज मात्र घसरतं

चार ऑब्जेक्टिव्ह, ॲबे कंडेन्सर, एलईडी हे सगळं पेटीवर छापलेलंच असतं. निवृत्तीनंतर डबक्याचं पाणी बघत बसणाऱ्याला छळतं ते स्टेज, म्हणजे काचपट्टी ठेवायचा मंच. ४०एक्सच्या भिंगाखाली पॅरामेशियम हा एकपेशीय जीव स्पष्ट दिसतो न दिसतो तोच धूसर होतो. भिंगाचा दोष नाही. कोर्स फोकसची, म्हणजे मोठ्या नॉबची, पकड सैल असली की स्टेज स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली येतं.

विक्रेत्याचं उत्तर: यंत्र पाठवा. जाण्यायेण्याचं कुरिअर आपलं, वर सर्व्हिस चार्ज! कशाला? मोठ्या नॉबच्या आतल्या बाजूला टेन्शन कॉलर, म्हणजे ही पकड कमीजास्त करणारी कडी, असते, ती किंचित आवळायची. कॉलर नसलेल्या बऱ्याच साध्या मॉडेलांत दोन्ही कोर्स नॉब धरून एकमेकांच्या उलट पिळले की काम होतं. फार आवळू नका. नॉब जड होतो आणि दात झिजतात. पाच मिनिटं हात न लावता फोकस टिकला की झालं. खर्च शून्य. माहितीपत्रकात ही एक ओळ असती, तर या परीक्षणात एक तारा कापला नसता.

बायनॉक्युलर म्हणजे उधळपट्टी, हे मत मात्र मागे घेतो. एक डोळा मिटून तासभर बघणं या वयात झेपत नाही. आधी उजव्या डोळ्यानं फाइन फोकस करा, मग दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढणारी, डाव्या नळीवरची डायॉप्टर रिंग फिरवा. चष्म्याला फक्त साधा नंबर असेल तर तो काढून बघा. सिलिंड्रिकल असेल तर राहू द्या. स्टेजखालची उजेड कमीजास्त करणारी झडप, म्हणजे आयरिस, फार मिटली की काळे धागे तरंगताना दिसतात. ते जंतू नव्हेत, आपल्याच डोळ्यातले आहेत. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, काढून नळीत डोकवा. उजेडाचं वर्तुळ तीन-चतुर्थांश भरेल इतकी आयरिस उघडी हवी.

कव्हरस्लिप, म्हणजे थेंबावर ठेवायची पातळ काच, ०.१७ मिमीचीच घ्या. थेंब जास्त झाला तर कडेनं टिपकागद लावा, नाहीतर ४०एक्सचं तोंड पाण्यात बुडतं. पॅरामेशियम पळत असेल तर थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका.

सोबतचं प्लॅस्टिक कव्हर पावसाळ्यात कुचकामी. आत ओल कोंडते, भिंगावर बुरशी धरते आणि कोटिंग खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा; दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर कोरडे करून परत वापरता येतात.