दुरुस्तीला दिलेला कार्ब्युरेटर आणि परत आलेला कार्ब्युरेटर

आमची प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची आहे. वडिलांनी ती कोरी घेतली, आयुष्यभर स्वतः चालवली आणि तिच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद एका वहीत ठेवली. ती वही हाताशी नसती, तर गेल्या वर्षी माझी फसवणूक झाली हे मला आजही कळले नसते. जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्यांवर असा प्रसंग येऊ नये, म्हणून घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

तक्रार साधी होती. गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडत असे. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्ब्युरेटरमधील थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, स्पिंडल (दांडा) झिजल्यामुळे त्याच्या कडेने जास्तीची हवा आत शिरत होती. स्पिंडलचे टोक चिमटीत धरून हलवले तर तो खुळखुळत असल्याचे बोटांना स्पष्ट जाणवे. यावरचा योग्य उपाय म्हणजे बॉडीतील भोक मोठे करून त्यात नवा बुश (दांड्याभोवतीची धातूची नळी) बसवणे, आणि ते काम लेथवर करावे लागते. त्यामुळे कार्ब्युरेटर काढून नजरेआड पाठवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि धोका नेमका तिथेच आहे. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या, तेव्हापासून या गाडीचा सोलेक्स कंपनीचा कार्ब्युरेटर रोज हाताळणारे कारागीरही विरळ झाले आहेत. अस्सल सुटे भाग दुर्मीळ झाल्याने त्यांना चांगली किंमत येऊ लागली आहे. अशा वेळी ‘फक्त जुन्या गाड्यांचेच काम करतो’ असे सांगणाऱ्या माणसावर आपण चटकन विश्वास टाकतो. मीही टाकला.

त्या गृहस्थांनी नवा बुश, नवा स्पिंडल आणि संपूर्ण ‘ओरिजिनल किट’ यांचे १४,५०० रुपये सांगितले, निम्मी रक्कम आगाऊ घेतली आणि कार्ब्युरेटर पिशवीत घालून नेला. चौथ्या दिवशी तो चांदीसारखा चकचकीत होऊन परत आला. गाडी सुरू केल्यावर त्यांनी टॅपेट कव्हरवर रुपयाचे नाणे उभे केले आणि ते पडले नाही. “साहेब, आता दहा वर्षं इकडे बघायलाच नको,” असे ते म्हणाले. मी उरलेले पैसे दिले.

ही युक्ती प्रत्येकाने समजून घ्यावी. थ्रॉटल किती मिटावा हे ठरवणारा स्क्रू आत फिरवून ठेवला, की थ्रॉटलची पाकळी थोडी उघडीच राहते, इंजिनाचे फेरे वाढतात आणि वाढलेल्या फेऱ्यांत झिजलेल्या स्पिंडलची हवा किंवा बिघडलेले मिश्रण हे दोष झाकले जातात. हे इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ८०० फेऱ्यांवर शांत चालायला हवे. माझ्या गाडीचे नंतर मोजले, तेव्हा ते १,२५० भरले. पद्मिनीला फेरे दाखवणारा काटा नसतो, त्यामुळे केवळ कानावर विसंबणारा मालक फसतो.

पुढच्या दीड महिन्यात लिटरला तेरा किलोमीटरचे अॅव्हरेज आठवर आले. खंबाटकी घाट चढताना मागे काळा धूर दिसू लागला, आणि गरम इंजिन बंद केले की पुन्हा सुरू होईना. एके सकाळी ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर तिला पेट्रोलचा वास येत होता. मी फोन केल्यावर उत्तर मिळाले, “पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे साहेब, सगळ्या जुन्या गाड्यांना हा त्रास आहे.” हे अर्धसत्य होते, म्हणूनच अधिक फसवे होते. इथेनॉलने जुने रबर आणि पंपाचा पडदा खराब होतो हे खरे. परंतु त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी पडते, जास्त होत नाही. काजळीने काळे झालेले माझे चारही प्लग नेमके उलट सांगत होते.

अखेर ज्यांनी उभी हयात टॅक्सींवर काढली, अशा एका वयोवृद्ध मेकॅनिक काकांकडे गाडी नेली. त्यांनी आधी टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग तपासले, कारण ते ठीक असल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावू नये, असा त्यांचा नियम आहे. मग त्यांनी कार्ब्युरेटर उघडून वर्तमानपत्रावर मांडला. चांदीचा रंग स्क्रूंच्या खाचांतसुद्धा साचलेला होता, म्हणजे काहीही सुटे न करता वरून फवारा मारलेला होता. स्पिंडल पूर्वीइतकाच खुळखुळत होता आणि बुशचा पत्ताच नव्हता. मेन जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या पितळी तुकड्यावर, १२५ हा आकडा होता, वडिलांच्या वहीतही १२५ च होता. पण काकांनी १.४० मिलिमीटरच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा त्या जेटमध्ये सरकवला आणि तो अलगद आरपार गेला. जेटवरील आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे १२५ च्या जेटचे छिद्र १.२५ मिलिमीटरचे हवे. ते १.४० झाले, की क्षेत्रफळ पंचवीस टक्क्यांनी वाढते आणि पेट्रोल त्याच मापाने वाहते. कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणारी फ्लोटची सुई नीट बसत नसल्याने जास्तीचे पेट्रोल ओसंडून सिलिंडरमध्ये आणि तेथून ऑइलमध्ये उतरत होते. बॉनेटखाली आग लागायला एवढे पुरेसे असते, या विचाराने आजही माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्या दिवसांत मागच्या सीटवर माझी नात बसत असे.

सर्वांत जिव्हारी लागले ते पुढेच. वहीत लिहिले होते, ‘कार्ब. फ्लँजखाली (इंजिनाला जोडणाऱ्या कडेखाली) पंचचे दोन ठिपके, खुणेसाठी.’ आम्ही भिंग लावून शोधले. ठिपके नव्हते. ती बॉडी आमची नव्हतीच.

त्या गृहस्थांनी नंतर फोन उचलणे बंद केले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, म्हणून मी तिथेही चौकशी केली. पण माझ्या हातातील पावतीवर केवळ ‘कार्ब्युरेटर सर्व्हिसिंग’ एवढेच शब्द होते आणि काम देण्यापूर्वीचा एकही फोटो मी काढलेला नव्हता. बॉडीवरील खुणेचा आणि प्रत्येक जेटच्या आकड्याचा फोटो, बदलायचे भाग नावानिशी लिहिलेली पावती आणि काढलेले जुने भाग परत देण्याची अट, एवढे जरी मी केले असते तरी बोलायला जागा राहिली असती. गाडी ताब्यात घेतानाही अर्धा तास चालवून, इंजिन पुरते तापल्यावर, थ्रॉटलचा तो स्क्रू माझ्यासमोर मागे घ्यायला लावायला हवा होता; खोटे काम तिथेच बंद पडले असते.

काकांनी जुन्या बाजारातून एक झिजलेली पण अस्सल बॉडी मिळवली आणि तिला माझ्यादेखत लेथवर पितळी बुश बसवला. आता गाडी सिग्नलला बंद पडत नाही. नव्या बॉडीवर त्याच जागी मी पंचचे दोन ठिपके उमटवले आहेत आणि वडिलांच्या शेवटच्या नोंदीखाली तारखेसह तसे लिहून ठेवले आहे.