नळावरचा पांढरा थर: व्हिनेगर घ्यावं की लिंबूसत्व?

नळ आणि टाइल्सवरचे पांढरे डाग घालवायचे आहेत, पण त्यासाठी जहाल अ‍ॅसिडची बाटली घरात आणायची नाही, असं ठरवलं की मुंबईत दोन सोपे पर्याय उरतात. एक पांढरं व्हिनेगर, दुसरं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडची पूड. गूळ आणि लिंबू-संत्र्याच्या साली मुरवून केलेलं बायोएन्झाइम फरशी पुसायला छानच आहे, पण त्याला तीन महिने थांबावं लागतं आणि जुन्या थरापुढे ते कमी पडतं. म्हणून ते इथे बाजूला ठेवतो.

मुंबईला येणारं भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी म्हणजे साठवलेला पाऊस, ते मुळात हलकं, म्हणजे कमी क्षारांचं. महापालिकेचं पाणी पुरेसं येत असेल तर नळावर फारसं काही साचत नाही. थर येतो तो बहुतेक वेळा बोअरचं किंवा टँकरचं पाणी टाकीत मिसळायला लागलं की. २०२४ च्या जूनमध्ये १० टक्के पाणीकपात होती, तशा दिवसांत टँकरवर निभावणाऱ्या सोसायट्यांना शॉवरची बुजलेली भोकं नवीन नाहीत.

थर विरघळवण्याच्या बाबतीत दोन्ही कामाची आहेत. व्हिनेगर तयार मिळतं, बाटली उघडली की काम सुरू, आणि ठेवून खराब होत नाही. लिंबूसत्व स्वस्त पडतं: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम घातलं तर एका किलोत वीस लिटर द्रावण होतं. बाटल्यांचा प्लास्टिकचा कचराही तेवढा कमी.

माझ्यासाठी निकाल लावला तो वासाने. आमच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या अरुंद पोकळीत उघडते. उन्हाळ्यात व्हिनेगर फवारलं तर थोड्या वेळात वास उडून जातो. जुलैमध्ये तसं होत नाही. हवाच इतकी ओली असते की दोरीवरचा टॉवेल संध्याकाळपर्यंत दमटच राहतो, आणि तो आंबूस वास नेमका त्या टॉवेलात जाऊन बसतो. सकाळी नळ घासावेत आणि दुपारी तोंड पुसताना व्हिनेगर नाकात जावं, हे मला काही केल्या सहन होईना. आईला तर त्याने ठसका लागायचा. एक्झॉस्ट फॅन लावून पाहिला, दार उघडं ठेवलं, तर वास पॅसेजमध्ये आला. लिंबूसत्वाला वासच नाही. पावसाळ्याचे चार महिने बंद घरात काढणाऱ्यांना ही गोष्ट लहान वाटणार नाही.

लिंबूसत्वाचेही त्रास आहेत. पाकीट उघडं राहिलं तर दमट हवेत त्याचा दगड होतो, म्हणून घट्ट झाकणाची बरणीच हवी. द्रावण करून ठेवलं तर काही दिवसांनी त्यात बुरशीचे तंतू तरंगताना दिसतात. लागेल तेवढंच करावं. पाणी कोमट घ्यावं, उकळतं नको, कारण गरम पाण्यात त्याचाच एक नवा पांढरट थर बसू शकतो. आणि नंतर नीट धुवावं, नाहीतर फरशी चिकट लागते. शॉवरसाठी प्लास्टिकच्या पिशवीत द्रावण भरून रबरबँडने बांधायचं. चकचकीत नळाला मात्र पंधरा-वीस मिनिटं पुरे, रात्रभर ठेवू नये.

वॉशिंग मशीनच्या रबरावरच्या किंवा टाइल्सच्या सांध्यांतल्या काळ्या बुरशीवर मला व्हिनेगर थोडं सरस वाटलं, हे सांगायला हवं. बाथरूमची खिडकी मोकळ्या हवेत उघडत असेल आणि तुमचा मुख्य त्रास बुरशीचाच असेल, तर मी व्हिनेगरला नाही म्हणणार नाही. थराचा त्रास जास्त असेल तर मात्र लिंबूसत्वच घ्या.

दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी कडप्प्याचा ओटा, कोटा फरशी आणि संगमरवर यांच्यापासून दूर ठेवा. हे दगड चुन्याचे असल्याने आम्लाने त्यांची चमक कायमची जाते. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर वापरलेल्या जागी तर त्याच दिवशी यातलं काहीच टाकू नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. आणि खाण्याचा सोडा सोबत मिसळायची गरज नाही. फेस भरपूर येतो, पण त्यात आम्लच खर्ची पडतं आणि थर जागच्या जागी राहतो.