कोंबड्यांच्या खाद्यात मका की साबुकंद?

मक्याचे भाव चढले की मराठवाड्यात स्वतः खाद्य मिसळणारे कुक्कुटपालक साबुकंदाच्या, म्हणजेच ज्यापासून साबुदाणा तयार होतो त्या कसाव्याच्या, वाळलेल्या चकत्यांची चौकशी करू लागतात. करारावर ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्या, वाढवणाऱ्यांना खाद्य कंपनीकडूनच मिळत असल्याने हा प्रश्न त्यांचा नाही.

ऊर्जेच्या बाबतीत चकत्या मक्यापेक्षा थोड्याच उण्या आहेत. खरे अंतर प्रथिनांचे आहे. मक्यात प्रथिने ९ टक्क्यांच्या आसपास असतात, तर चकत्यांत जेमतेम २ ते ३ टक्के. म्हणजे १०० किलो खाद्यातला १० किलो मका काढून तेवढ्याच चकत्या घातल्या, तर सुमारे साडेसहाशे ग्रॅम प्रथिने कमी पडतात आणि ती भरून काढण्यासाठी जवळपास दीड किलो सोयाबीन पेंड वाढवावी लागते. त्यामुळे तमिळनाडूतील सेलम भागातून येणाऱ्या चकत्यांचा भाव मक्याच्या भावाशी ताडताना वाहतूक, वाढीव पेंड आणि मेथिओनिन (प्रथिनांतला गंधकयुक्त घटक) यांचा खर्च त्यात धरलाच पाहिजे. माझ्या मते बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

दुसरा मुद्दा विषारीपणाचा आहे. ताज्या कंदात, विशेषतः सालीत, सायनाइड मुक्त करणारी द्रव्ये असतात. साल काढून, पातळ चकत्या करून, त्या कडक उन्हात पूर्ण वाळवल्यावर ती बरीच घटतात. उरलेले सायनाइड निष्प्रभ करताना पक्ष्याच्या शरीरातील गंधक खर्च होते, म्हणूनच मेथिओनिनची गरज वाढते. ओलसर राहिलेल्या मालाला बुरशी लागते, पण हा धोका मक्यालाही तितकाच आहे.

अंड्यांवरच्या कोंबड्यांसाठी मी मकाच सुचवेन, कारण बलकाचा पिवळेपणा मक्यातून येतो आणि साबुकंदात तो रंग नाही. चकत्या वापरायच्याच असतील तर लसूणघासाचा वाळलेला पाला सोबत द्यावा लागेल. चकत्यांचा भरडा फार धुळकट असल्याने त्यात थोडे तेल मिसळावे.

स्वतः लागवड करावी का? पावसाळ्यात लावलेला कंद ८ ते १० महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो, आणि तेव्हाचे आपले ऊन वाळवणीस उत्तम असते. परंतु काढलेला कंद दोन-तीन दिवसांत खराब होऊ लागतो, आणि सोयाबीननंतर हरभरा घेता येणारी जमीन एवढा काळ अडवून ठेवणे मला परवडणारे वाटत नाही.

चकत्या खरोखर स्वस्त पडत असतील, तर मोठ्या ब्रॉयलरच्या खाद्यात १० टक्क्यांपासून सुरुवात करावी. लहान पिलांना मात्र मक्याचेच खाद्य द्यावे.