मेणातला तुकडा आणि १,८५,००० रुपये

दादाला आतड्याचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. पहिली केमो लागू पडली नाही, तेव्हा कोल्हापुरात एकाने गाठलं. "ताई, दादांची गाठ लॅबमध्ये वाढवतो, तिच्यावर १४ औषधं घालून बघतो. लागू पडेल तेच द्यायचं."

मी भोळसट म्हणून फसले नाही. शास्त्र खरं आहे. आतड्याच्या मूळपेशीपासून इवलं आतडं २००९ साली नेदरलँड्समध्ये वाढवलं गेलं, त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. २०१८ च्या एका अभ्यासात लॅबमधल्या गाठीवर निकामी ठरलेली औषधं त्या रुग्णांवरही निकामी ठरली. हे वाचलेलं होतं, म्हणूनच विश्वास बसला.

२५,००० फोनवरून. १,१०,००० एनईएफटीने. मग "पेशींच्या खुराकाचे" ५०,००० रोख, त्याची पावतीही नाही. आंब्याची कलमं कराराने दिली होती, ते सगळे पैसे गेले. रोख मागितली की तिथूनच उठा.

त्याने नेला तो बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला नखाएवढा तुकडा. मी विचारलंसुद्धा, यातून पेशी कशा वाढणार? म्हणाला, "ताई, त्या मेणात झोपलेल्या असतात, आम्ही जाग्या करतो." आणि मी गप्प बसले! वीस वर्षं राजापूरकडे शाळेत विज्ञान शिकवते. फडताळात फॉर्मॅलिनमधला बेडूक आहे, दर जूनला ती बरणी मी पुसते. बायोप्सीही आधी फॉर्मॅलिनमध्येच बुडवतात, तिथेच पेशी मरतात. गाठ वाढवायला जिवंत तुकडा लागतो, थंड पोषकद्रवात घालून लगेच न्यावा लागतो. वाढायला आठवडे जातात, कित्येकदा वाढतही नाही. आमचा रिपोर्ट नवव्या दिवशी आला.

आमच्या डॉक्टरांना आधी विचारायला हवं होतं. तुम्ही विचारा.

पोलीस म्हणाले, पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत. दुसऱ्या ठाण्यात सांगितलं, कोल्हापूरचं प्रकरण, तिकडे जा. तिकडे म्हणाले, वैद्यकीय आहे, आरोग्य खात्याकडे जा. आरोग्य खात्याचे साहेब तीनदा मीटिंगला. चौथ्यांदा कळलं, अर्ज सापडत नाही. चार वेळा पहाटेची एसटी पकडली, शाळेच्या रजा गेल्या. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा बारा दिवस उलटले होते, त्याचं खातं रिकामं. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० लावा, ठाण्याची वाट बघू नका. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, तिथे मी तक्रार घातली आहे.

ब्लॉक परत आलाच नाही. दादाचा तो एकच होता. ब्लॉक कुणाच्या हातात देऊ नका, दिलात तर लॅबची सही-शिक्क्याची पोच घ्या. पुढचं औषध ठरवायला जनुकतपासणी हवी, आणि तिला तुकडाच नाही. गुरुवारी दादाच्या यकृतात पुन्हा सुई घालणार आहेत.